सलाईननं बरं काऊन वाटते?

मे महिन्याच्या दुपारी अकोला-अमरावतीकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एखाद्या खासगी दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून पाहा. नाडी पाहायच्या आधीच मागणी ऐकू येते. "डॉक्टरसायेब, एक सलाईन लावून द्या, लयच कमजोरी वाटून रायली." सोबतची सून पुस्ती जोडते, "मागच्या वेळेस लावली तं बुढी दोन दिवस चांगली होती." डॉक्टर मनातल्या मनात कपाळावर हात मारतो आणि बाटली टांगतो.

शिकली-सवरली माणसं या मागणीला हसतात. बाटलीत असतं तरी काय? अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडं कमीच. बाटलीवर डीएनएस लिहिलेलं असेल तर सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज. घरी केलेल्या कैरीच्या पन्ह्यात याहून जास्त जीव असतो. दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत हे हसणं रास्तच आहे. त्यांना बाटलीनं नव्हे, तर पंख्याखाली दोन तास आडवं झाल्यानं बरं वाटतं.

पण या बाकावर कधीतरी एखादा रोगी असा येतो की त्याला सलाईन खरोखर लागू पडते. चक्कर थांबते, मळमळ जाते, तो उठून बसतो. दोन-चार दिवसांनी पुन्हा आडवा होतो. पुन्हा सलाईन, पुन्हा बरं. त्याच्या शरीरात मीठ टिकतच नाही, कारण मीठ धरून ठेवणारं रसायन बनायचं बंद झालेलं असतं. अशा माणसाला सलाईननं बरं वाटणं हाच रोगाचा पुरावा असतो आणि त्याच बाटलीनं तो रोग महिनोन् महिने झाकलाही जातो.

हे रसायन बनतं ते अधिवृक्क ग्रंथींमध्ये, डॉक्टरी बोलीत ॲड्रिनलमध्ये. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन ग्रंथी, प्रत्येकी चार-पाच ग्रॅमच्या. गाभ्यात ॲड्रिनलिन तयार होतं. धुऱ्यावरून जाताना पायाखाली सळसळलं की छातीत जे धडधडतं, ते त्याच्यामुळे. खरी जीवनावश्यक मात्र बाहेरची साल आहे. तिच्यातून अल्डोस्टेरॉन निघतं, ते मीठ राखतं. कॉर्टिसोल निघतं, ते रक्तदाब आणि साखर सांभाळतं, आजारपणात, उपासात, अपघातात शरीराला उभं ठेवतं. गाभा काढून टाकला तरी माणूस जगतो, साल गेली तर औषधाशिवाय जगत नाही.

कॉर्टिसोल किती बनवायचं हे मात्र ही ग्रंथी स्वतः ठरवत नाही. हुकूम वरून येतो. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खोबणीत भिजवलेल्या हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली आहे. हीच पिट्युटरी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. ती एसीटीएच नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडते आणि खालची ग्रंथी कामाला लागते. पहाटे हुकूम जोरात असतो, म्हणून सकाळी आठच्या सुमारास रक्तात कॉर्टिसोल सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी. थायरॉइड, पाळी, अंगावरचं दूध, मुलांची उंची, या सगळ्यांचे हुकूम याच हरभऱ्यातून सुटतात. त्याच्यात गाठ झाली की कधी एखादा हुकूम वाजवीपेक्षा जास्त सुटतो. चाळिशीत चपलेचा नंबर वाढतो, बोटातली अंगठी चढेनाशी होते. किंवा मूल नसताना छातीतून दूध येतं. किंवा गाठ डोळ्यांच्या नसांवर चढते आणि बाजूनं येणारी गाडी दिसेनाशी होते. या गाठी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे बोलायचं आहे ते कमतरतेबद्दल, कारण आपल्याकडे 'कमजोरी' या एका शब्दाखाली गाडली जाते ती तीच.

थॉमस ॲडिसन या लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरानं १८५५ मध्ये एक लहानसं पुस्तक छापलं. काही रोगी दिवसेंदिवस गळत जातात, जेवण नकोसं होतं, उलट्या होतात, कातडी काळवंडते आणि ते मरतात. शवविच्छेदनात त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या सापडल्या, बऱ्याच जणांच्या क्षयानं. आज युरोप-अमेरिकेत हा रोग बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे होतो. आपल्याकडे मात्र ॲडिसनच्या काळातलं कारण अजून जुनं झालेलं नाही. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे ग्रंथीत जाऊन बसतात. दोन्ही ग्रंथींचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग खलास होईपर्यंत फारसं काही जाणवत नाही. म्हणून रोगी येतो तो कडेलोटाच्या काठावरच.

यातला रंगाचा भाग वऱ्हाडात फार फसवतो. ग्रंथी ऐकत नाही म्हटल्यावर वरचा हरभरा ओरडून ओरडून हुकूम सोडत राहतो आणि त्या हुकुमाचं रसायन कातडीतल्या रंगपेशींनाही चेतवतं. माणूस काळा पडतो. आता निंदणाला, डवरणीला उन्हात राबणारा माणूस काळा पडला तर कोण विचारणार? 'उन्हानं रापला' म्हणून विषय संपतो. पण ऊन तळहाताच्या रेषांत शिरत नाही, झाकलेल्या जुन्या जखमेच्या वणाला गाठत नाही, आणि हिरड्यांपर्यंत तर पोहोचतच नाही. काहींच्या हिरड्या जन्मापासूनच काळसर असतात हे खरं. प्रश्न आहे तो नव्यानं पडलेल्या डागांचा. वजन घटतंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तळहाताच्या रेघा शाईनं ओढल्यासारख्या दिसतायत, आणि घरातलं लोणचं कधी नव्हे ते भराभर संपतंय, कारण या माणसाला मिठाची भूक लागलेली आहे. एवढं एकत्र दिसलं तर उन्हाला दोष देऊ नये.

इथे क्षयाच्या उपचारातली एक खोच माहीत असायला हवी. क्षयावरचं हुकमी औषध रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की रक्तातलं कॉर्टिसोल नेहमीपेक्षा लवकर निकालात निघतं. धडधाकट ग्रंथी थोडं जास्त बनवून भरपाई करते. अर्धमेली ग्रंथी करू शकत नाही. त्यामुळे गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत रोगी उलट अधिक खचतो, उलट्या करतो, आणि घरचे म्हणतात, "गोळ्या लय गरम पडल्या." गोळ्या बंद केल्या जातात. बंद करायच्या नसतात; सोबत कॉर्टिसोल द्यायचं असतं.

मिठाचा हाच खेळ अगदी तान्ह्या बाळातही होतो. काही बाळांच्या अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसोल बनवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जन्मतःच नसतं. मुलगी असेल तर जननेंद्रियांच्या वेगळ्या ठेवणीमुळे सुईणीच्याही लक्षात येतं. मुलगा दिसायला अगदी नीट असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो दूध टाकतो, उलट्या करतो, वजन वाढायच्या ऐवजी उतरतं, आणि अंगातलं मीठ निघून गेल्यामुळे जातो. घरात 'हगवण लागली' एवढीच नोंद राहते. आशाताईंच्या घरभेटीच्या वेळापत्रकात चौदावा आणि एकविसावा दिवस आहे, नेमका याच धोक्याच्या काळात. त्या दोन भेटींत बाळाचं वजन काट्यावर घेणं किती मोलाचं आहे, हे त्यांना आणि आपल्याला दोघांनाही कळायला हवं. अशा घरात आधीचं एखादं मूल असंच 'आठ-पंधरा दिवसांत गेलेलं' असेल तर हे आधी विचारावं.

इथवर बोललो ते खालची ग्रंथी नासल्याबद्दल. वरचा हरभराच वाळला तर चित्र वेगळं दिसतं. हुकूमच नाही, म्हणून काळेपणाही नाही. उलट माणूस फिका, निस्तेज पडतो. अल्डोस्टेरॉनचा कारभार बराचसा मूत्रपिंडाच्या हातात असल्यामुळे मिठाची तशी ओढही लागत नाही. उरतो फक्त थकवा. आणि वऱ्हाडात हा हरभरा वाळण्याची दोन कारणं अशी आहेत की त्यांचा उगम दवाखान्यात नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत आणि वावरात शोधावा लागतो.

गरोदरपणात पीयूषिका फुगते, कारण पुढे दूध आणायचं काम तिचं असतं. तिचा रक्तपुरवठा मात्र कमी दाबाच्या बारीक नळ्यांतून होतो. बाळंतपणात फार रक्त गेलं, रक्तदाब कोसळला, की सर्वांत आधी या फुगलेल्या ग्रंथीचं पाणी तुटतं आणि ती जागेवर मरते. ग्लासगोत काम करणाऱ्या हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे नीट मांडलं, म्हणून हा शीहान सिंड्रोम. जिथे बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि रक्ताची पिशवी वेळेवर मिळते, तिथल्या तरुण डॉक्टरांना हा आजार पुस्तकातच भेटतो. भारतात याचा सर्वांत नेटका शोध काश्मिरात घेतला गेला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, मूल झालेल्या वीस वर्षांवरच्या बायकांपैकी साधारण ३ टक्के बायकांत तो आढळला. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरी बाळंत झालेल्या होत्या.

हे वाचल्यावर मला काश्मीर आठवत नाही, मेळघाट आठवतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू पाड्यांत घरची बाळंतपणं हा काही फार जुना इतिहास नाही. धारणीहून अमरावतीच्या डफरीनला, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयाला यायचं तर सेमाडोहचा घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्ता कापावा लागतो. रक्त वाहू लागलेल्या बाईला तेवढा वेळ नसतो. मेळघाट म्हटलं की आपण बालमृत्यू आणि मातामृत्यू मोजतो, मोजायलाच हवेत. पण भळभळून रक्त जाऊनही जी वाचली, ती मोजणीतून सुटते. तिचं पुढे काय होतं? दूध येत नाही. नजर लागली म्हणून उतरवून टाकतात, बाळाला शेळीचं दूध लावतात. पाळी परत येत नाही. सासू म्हणते, बरं झालं, सुटली. काखेतले केस झडतात, हे ती कोणाला सांगत नाही. थंडी सहन होत नाही, काम उरकत नाही, 'आळशी' म्हणून बोल लागतो. दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या साध्या तापात ती बेशुद्ध पडते, आणि तेव्हाही कोणी बाळंतपणाचं विचारत नाही, कारण ते मूल आता दहावीला असतं.

अलीकडे एक नवा धोका जोडला गेला आहे, तोही चांगल्या हेतूनं आलेला. थकवा म्हटलं की आता सगळीकडे थायरॉइडची तपासणी होते. पण ती बहुधा फक्त टीएसएचची, आणि टीएसएच हा पीयूषिकेचाच हुकूम आहे. ग्रंथीच वाळली असेल तर थायरॉइड कमी असूनही टीएसएच वाढत नाही. अहवाल 'नॉर्मल' येतो आणि बाई घरी जाते. कधी सोबत टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, तपासलं जातं, ते कमी सापडतं आणि थायरॉइडची गोळी सुरू होते. ती गोळी शरीराचा वेग वाढवते, उरलंसुरलं कॉर्टिसोल झपाट्यानं खर्ची पडतं आणि रोगी कोसळतो. नियम सोपा आहे: आधी कॉर्टिसोल भरून काढा, मग थायरॉइड.

दुसरं कारण वावरातलं. घोणस, जिला आपल्याकडे कित्येक गावांत परड म्हणतात, ती कुकरच्या शिटीसारखा फुत्कार टाकते. सोयाबीनची सोंगणी, पऱ्हाटीत कापूस वेचणं, हरभऱ्याच्या जागलीला रात्री अनवाणी फिरणं, ही तिच्याशी गाठ पडायची ठिकाणं. तिच्या विषानं रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते: बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मग रक्त थांबत नाही. मूत्रपिंडं बंद पडतात, डायलिसिस लागतं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पीयूषिकेचं तितकं ठाऊक नाही. १९८७ मध्ये ब्रह्मदेशातल्या आणि ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की घोणशीच्या दंशानंतर ही ग्रंथी शीहानमध्ये मरते तशीच मरते. पुढे श्रीलंकेतून आणि दक्षिण भारतातूनही असे रोगी नोंदले गेले. विषानं ज्यांना फार झोडपलं त्यांच्यात हे होतं, सगळ्यांत नाही. सर्पविषावरची लस रक्तातलं विष उतरवते, मेलेली ग्रंथी मात्र परत आणत नाही.

कधी हे दवाखान्यातच उघड होतं: लस दिली, सलाईन चालू आहे, तरी रक्तदाब वर येत नाही, साखर घसरत राहते. कधी वर्ष-दोन वर्षांनी. साप चावून वाचलेला तिशीतला गडी दाढीला न्हाव्याकडे आठवड्याऐवजी महिन्यानं जाऊ लागतो. नवराबायकोत दुरावा येतो. औत हाणताना बसकण मारतो. गावात म्हणतात, विष आंगात रायलं. गाव तसं फार चुकत नाही. शेतकरी अपघात अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाल्यास २ लाख रुपयांची तरतूद आहे, हात-पाय-डोळे गमावल्याचीही आहे. हरभऱ्याएवढी ग्रंथी गमावल्याचा रकाना नाही. ती गेल्याचं मुळात निदानच होत नसेल तर रकाना मागणार कोण?

आता तिसऱ्या कारणाकडे येतो. वरची दोन्ही कारणं एकत्र केली तरी हे त्यांच्यापेक्षा मोठं भरेल. यात ग्रंथी मरत नाही. आपण तिला झोपवतो.

अकोल्यात घर असणाऱ्याला समजावायला सोपं. महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी शहरात कित्येक दिवसांआड येतं, म्हणून घरोघर टाक्या आहेत. समजा गच्चीवरच्या टाकीला फ्लोट लावलाय: पाणी उतरलं की मोटर आपोआप सुरू, भरली की बंद. आता रोज बाहेरून टँकर येऊन टाकी काठोकाठ भरू लागला तर? फ्लोट कायम वर, मोटर कायम बंद. महिना, दोन महिने, वर्ष. मोटर गंजते, जाम होते. आणि एके सकाळी टँकरवाल्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. टाकी रिकामी होते, फ्लोट खाली पडतो, बटण दाबलं जातं, पण मोटर फिरत नाही.

स्टेरॉइड म्हणजे हा टँकर. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही कॉर्टिसोलचीच भावंडं आहेत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत ती उठून चालू लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. इतक्या झटपट हा सन्मान क्वचितच कोणाला मिळाला असेल. दुष्परिणामही तितक्याच झटपट दिसू लागले. स्टेरॉइड वाईट औषध नाही, हे बजावून सांगितलं पाहिजे. दमा, मूत्रपिंडाचे काही विकार, क्षयाचा मेंदूज्वर यांत ते जीव वाचवतं. पण ते इतकं लवकर आणि इतकं सगळ्याला लागू पडतं की ज्याला निदान करायचं नाही, त्याचंही ते आवडतं औषध होऊन बसतं.

आठवडी बाजारात मिळणारी सांधेदुखीची पुडी, दम्याचा 'जडीबुटी'चा चुरा, तापाला दिलेली डेक्साची सुई, गजकर्णाला लावायची ट्यूब. दोन दिवसांत गुण येतो. मग भूक वाढते, गाल भरतात. आपल्याकडे चेहरा भरला की कौतुक होतं: "तब्येत सुधरली बा तुमची!" ती सुधारलेली नसते. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, आणि त्याच वेळी मांड्या-दंड वाळतात, उकिडवं बसलेल्याला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. पोटावर जांभळे चरे उठतात, जरासं लागलं तरी निळं पडतं. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. हार्वी कुशिंग या अमेरिकी शल्यचिकित्सकानं पीयूषिकेच्या गाठीमुळे होणारं असं चित्र १९३२ मध्ये रेखाटलं. त्याचे रोगी मोजके होते. आपल्याकडच्या बहुतेक रोग्यांना गाठबीठ काही नसते, पुडी असते.

आणि मग कोणीतरी शहाणा नातेवाईक पुण्या-मुंबईहून येतो, पुडी हुंगतो आणि म्हणतो, "हे विष आहे, आजच फेकून दे." सल्ला अर्धाच बरोबर. पुडी वाईट आहे, पण 'आजच' हा शब्द जीवघेणा आहे. टँकर बंद, मोटर जाम. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग दुखतं, उलट्या, पोटात कळ, रक्तदाब हाती लागत नाही. गोल चेहऱ्याचा, अंगानं भरलेला माणूस बघून कोणाला वाटतही नाही की याच्या शरीरात कॉर्टिसोल शून्यावर आलंय. कातडी काळी पडत नाही, कारण हुकूम सोडणारा हरभराच झोपलेला आहे. उन्हाळा असेल तर 'ऊन लागलं' हे ठरलेलं निदान. सलाईन लागते, जरा बरं वाटतं. जरा.

कोविडच्या काळात हे सगळं आपल्या दोन जिल्ह्यांनी फार जवळून पाहिलं. दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल लागली ती इथेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये देश सैलावलेला असताना अमरावती-अकोल्यात आकडे चढू लागले. २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाली, अकोला, मूर्तिजापूर, अकोट यांच्यावरही निर्बंध आले. तोवर ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निकाल येऊन आठ महिने झाले होते. जून २०२० मध्ये जाहीर झालेला तो निकाल स्वच्छ होता: डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नाही. हे ६ मिलिग्रॅम दिसायला थोडे, पण शरीराच्या रोजच्या गरजेच्या साधारण आठपट.

एप्रिल-मेमध्ये व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांनी या निकालाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा गाळला. ताप आला की पहिल्याच दिवशी स्टेरॉइड, दहा दिवसांऐवजी तीन आठवडे. काळ्या बुरशीनं लोकांचे डोळे आणि जबडे नेले, तेव्हा दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनीही स्टेरॉइडच्या अतिवापराकडे बोट दाखवलं. बुरशी दिसली, म्हणून तिची बातमी झाली. झोपलेली ग्रंथी दिसत नाही. दहा दिवसांच्या कोर्सनं ती सहसा झोपतही नाही, झोपली तरी लवकर जागी होते. पण फुप्फुसं खराब झाली म्हणून ज्यांनी महिना-दोन महिने गोळ्या घेतल्या आणि 'आता ऑक्सिजन ठीक आहे' म्हणून एका दिवशी सोडल्या, त्यांच्यातल्या काहींच्या कोविडनंतरच्या थकव्याचं मूळ फुप्फुसात नव्हतं, कमरेच्या वर होतं.

उपाय काय, हे सांगायला फार जागा लागत नाही, कारण तो साधा आहे. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर ते पायरीपायरीनं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच कमी करायचं. ग्रंथी जागी व्हायला सहा महिने, वर्षही लागू शकतं. ग्रंथी कायमची गेली असेल तर रोज थोडं हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन जन्मभर. प्रेडनिसोलोनची गोळी चहाच्या कपापेक्षा स्वस्त पडते. ताप आला तर डॉक्टरनं शिकवल्याप्रमाणे डोस दुप्पट, उलट्यांनी गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनची सुई. एवढ्यावर माणसं शेती करतात, संसार करतात. जॉन केनेडींना या ग्रंथीचा आजार होता आणि त्यांनी अमेरिका चालवली.

निदानही इथेच होतं. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तालुक्याच्या प्रयोगशाळेत कळतं. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, ही जोडी दिसली की अधिवृक्क ग्रंथीची आठवण व्हायला हवी. सकाळी आठच्या कॉर्टिसोलसाठी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या, अमरावतीच्या इर्विन या जिल्हा रुग्णालयाच्या किंवा पीडीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांना विचारता येतं. पण त्याआधी लागतात ते काही प्रश्न, आणि ते फुकट आहेत. बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का, आणि नंतर दूध आलं होतं का? कधी साप चावला होता का? क्षयाच्या गोळ्या झाल्या का? आणि, मागच्या वर्षभरात कोणती गोळी, पुडी, सुई घेत होता आणि ती कधी सोडली?

हे प्रश्न डॉक्टरनं विचारायचे, हे खरं. पण मे महिन्यातल्या त्या बाकावर ऐंशी रोगी असतात आणि डॉक्टर एक. म्हणून तुम्हीच सांगा. घरातल्या बुढीला तिसऱ्यांदा सलाईन लावायला नेत असाल तर पुडीचा कागद, गोळ्यांची रिकामी पत्ती सोबत न्या. बाटली टांगण्यापूर्वी एक सिरिंज रक्त काढून ठेवायला सांगा. आणि रोगी कोसळत असेल तर अहवालाची वाट पाहत हायड्रोकॉर्टिसोनची सुई थांबवू नका. रक्त घेतलं की लगेच सुई द्यावी, अहवाल संध्याकाळी आला तरी चालतो.